गटाची सहल : या वर्षी चिखलदऱ्याला जाऊया का?



आपल्या जिल्ह्यात नवीन ओळख झाली की पहिलं विचारतात, "घाटावरच्या की घाटाखालच्या?" बोथ्याचा नाहीतर राजूरचा घाट चढून वर आलं की हवा बदलते, हे तुम्हाला सांगायला नको. शेगाव-खामगावचा पट्टा समुद्रापासून तीनशे मीटरच्या आसपास उंच, बुलडाणा साडेसहाशेच्या आसपास, आणि चिखलदरा सुमारे अकराशे मीटर. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणून घाटाखाली घामाच्या धारा लागलेल्या असतात तेव्हा चिखलदऱ्यात संध्याकाळी शाल लागते.

मागच्या महिन्यात बैठकांमध्ये मी विचारत होते, की फिरायला म्हणून कोण कुठं गेलंय? शेगाव, पंढरपूर, माहूर झालेलं, लेकीचं बाळंतपण झालेलं. नुसतं फिरायला? हातच वर येत नव्हते. एका गटात तर मावशी म्हणाल्या, "तिथं देव नाही, पाव्हणे नाही, मंग जायचं काहून?" प्रश्न बरोबर आहे. देवाला निघालं की घरचे अडवत नाहीत, पण "थोडं बघून येते" म्हटलं की चार प्रश्न येतात. एकटीला उत्तर देणं जड जातं. दहा जणी मिळून ठरवलं आणि ठरावाच्या वहीत लिहिलं, तर ते गटाचं काम होतं. शिवाय तिकडं नुसती हवा खायला जायचं नाही, बघण्यासारखं पुष्कळ आहे.

जळगाव जामोद, संग्रामपूरच्या तायांना उत्तरेला जो सातपुडा दिसतो, त्याच डोंगरात पूर्वेकडं, अमरावती जिल्ह्यात चिखलदरा आहे. सन १८२३ मध्ये इंग्रज कॅप्टन रॉबिन्सनने त्याचा 'शोध लावला' असं छापलेलं सापडतं. कोरकू आणि गवळी लोक तिथं आधीपासून राहतच होते, त्यांना कोणी विचारलं नाही. नावाची गोष्ट महाभारतातली. द्रौपदीला छळणाऱ्या कीचकाला भीमानं मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा. भीमानं हात धुतले ते भीमकुंड. पावसाळ्यात तिथला धबधबा बघायला गर्दी असते.

गाविलगड मात्र चुकवू नका. बहमनी सुलतान अहमदशहानं तो १४२५ च्या सुमारास बांधला. दरवाज्यावर दोन तोंडांचा पक्षी कोरलाय, त्याला गंडभेरुंड म्हणतात. पुढं किल्ला नागपूरकर भोसल्यांकडं आला. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावला त्यांची इंग्रजांशी लढाई झाली. हे अडगाव म्हणजे तेल्हारा तालुक्यातलं, आपल्या शेजारचंच. तिथं हार झाली आणि फौज गाविलगडावर गेली. इंग्रजांनी डोंगरातून तोफा ओढत आणल्या, उत्तरेकडची तटबंदी फोडली आणि १५ डिसेंबरला गड घेतला. त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढं १८१५ मध्ये युरोपात नेपोलियनला हरवलं. आपला किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. घरातल्या बायकांनी जोहर करायचा असं ठरलं होतं, पण तो अर्धवट राहिला. काही मेल्या, काही जखमी होऊन वाचल्या. त्या वाचलेल्या पुढं कुठं गेल्या असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तलाव, मशीद, तोफा बघता बघता दोन-तीन तास सहज जातात. चपला पट्ट्याच्या घाला. पावसात दगडावर शेवाळ असतं आणि धुक्यात कडा दिसत नाही. काठावर उभं राहून फोटो काढू नका.

हा सगळा भाग मेळघाटच्या जंगलाचा, वाघ-अस्वलांचा. अंधार पडल्यावर पायी भटकायचं नाही. कोरकू बायकांकडून सावा-कुटकी किंवा मध मिळाला तर घ्या, आणि फार घासाघीस करू नका. आपल्या पापडाचा भाव कुणी पाडला की आपल्याला कसं वाटतं? डोंगरात कॉफी पिकते, थंडीत स्ट्रॉबेरी मिळते, आणि रबडी तर खाऊनच या.

आता पैशाचं. सहलीसाठी गटातून कर्ज काढायचं नाही, आणि नेहमीच्या बचतीला तर हातच लावायचा नाही. ते पैसे बियाण्याला, दवाखान्याला, पोरांच्या फीला लागतात. सहलीची वर्गणी वेगळी, तिची वही वेगळी. आठवड्याला वीस रुपये टाकले तर पन्नास आठवड्यांत हजार होतात. एखादीला जमत नसेल तर तिच्यावर जोर करू नका, आणि ती मागं राहिली म्हणून टोमणेही मारू नका. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्या आजीला तर तिकीटच नाही. खामगावहून अकोला, अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि तिथून सुमारे तीस किलोमीटर घाट. खासगी गाडी केली तर ही सवलत गेली, पण वर फिरायला गाडी हाताशी राहते. दोन्हीचा हिशोब मांडून बघा.

एका दिवसात जाऊन येणं घाटावरच्यांना तर जमणारच नाही. एक मुक्काम धरा. पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, खोलीचे भाव चढतात आणि घाटात गाड्या अडकतात. निंदण उरकल्यावर आणि सोयाबीन कापणीला येण्याआधी जे आठ-दहा दिवस मिळतात, त्यातला मंगळवार-बुधवार बरा. खोली फोनवर ठरवताना भाड्याआधी संडास-बाथरूमचं विचारा. घाटात मळमळतं त्यांनी पोटभर जेवून बसू नये. बीपी-शुगरच्या गोळ्या जवळच्या पिशवीत ठेवा, डिक्कीतल्या बॅगेत नको. कोणाच्या घरी म्हातारी माणसं, ढोरं, दूध काढायचं असेल तर ते कोण बघणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. नाहीतर ऐनवेळी नाव गळतं, आणि ते नेहमी त्याच बाईचं गळतं.

ज्या गटांचा ठराव होईल त्यांनी प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीत नावं द्यावीत. परतवाड्याच्या गाड्यांच्या वेळा मी डेपोतून लिहून आणते.