तीन अक्षरं, एक काना आणि आख्खं वाक्य

म, क, ल आणि काना. पहिलीतल्या मुलाला एवढंच येत असलं, तरी मका, काम, मामा, कमाल, लाकाम असले खरे-खोटे शब्द तो वाचू शकतो. ‘काका, मला मका!’ हे आख्खं वाक्यसुद्धा.

आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी आणि त्यानंतर शब्द, हा आपल्याकडचा जुना क्रम. त्यात ङ, ञ यांसारखी क्वचितच भेटणारी अक्षरंही घोकावी लागतात. अर्थ हाती लागेपर्यंत मूल कंटाळून जातं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी वेगळी वाट धरली. मोजकी अक्षरं आणि स्वरचिन्हं एकत्र शिकवायची, की लगेच शब्द आणि वाक्यं वाचता येतात. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ संस्थेनेही अक्षरगटांवर भर दिला आहे.

नुसती अक्षरओळख मात्र पुरत नाही. एकेक अक्षर लावत जाणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. शिवाय देवनागरीच्या खाचाखोचा आहेतच. ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. सूर्य, चक्र, ट्रक या तिन्ही शब्दांत ‘र’ निरनिराळ्या रूपात येतो. हे अंगवळणी पडायला भरपूर सराव लागतो आणि तो गोष्टींमधून मिळाला, तरच टिकतो.

म्हणून अक्षरांच्या जोडीला बोलणंही हवं. ‘पाटी’ म्हणताना दोन टाळ्या, ‘कपाट’ म्हणताना तीन, अशा खेळातून शब्दातले आवाज सुटे होऊन ऐकू येतात. मुलाने चित्र काढून ‘आमची शेळी व्याली’ असं सांगितलं, तर बाईंनी तेच शब्द चित्राखाली लिहावेत. स्वतःचंच वाक्य असल्यामुळे मूल ते बोट ठेवून पुन्हापुन्हा वाचतं. घरची बोली प्रमाण मराठीपेक्षा वेगळी असेल, तर त्या बोलीतलेच शब्द आधी कागदावर यावेत.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी घरचा हातभारही मोलाचा ठरतो. आई-बाबांना वाचता येत नसेल, तर आजीने गोष्ट सांगावी, मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ असं विचारावं आणि मुलाचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं.