रायफलच्या काडतुसातील प्रायमरची बैठक : दोष, कारणे व दक्षता

प्रस्तावना :

राष्ट्रीय छात्रसेनेचे छात्र ज्या .२२ रायफलने नेमबाजीचा सराव करतात, तिच्या काडतुसाची पुंगळी एकदा वापरली की निरुपयोगी होते. तिच्यातील आघाताने पेटणारे मिश्रण पुंगळीच्या तळाच्या पोकळ कडेतच भरलेले असते आणि आघाताने ती कड चेपली जाते. मोठ्या रायफलच्या काडतुसाची रचना निराळी आहे. त्याच्या पितळी पुंगळीच्या तळाशी मध्यभागी एक गोल खोबण असते व तीत प्रायमर नावाची छोटी धातूची टोपी दाबून बसविलेली असते. जळालेला प्रायमर काढून नवा बसविता येतो आणि नवी दारू व गोळी भरून तीच पुंगळी पुन्हा वापरता येते. अमेरिकेत अनेक नेमबाज व शिकारी हे पुनर्भरण स्वतःच्या घरी करतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. म्हणून प्रस्तुत विवेचन अमेरिकेतील व्यवहारास अनुलक्षून केले आहे. या साऱ्या प्रक्रियेत प्रायमर बसविणे हे सर्वांत किरकोळ काम वाटते. अपघाताचे एक मूळ मात्र तेथेच असते.

प्रायमरची रचना :

आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाचा बंदुकीसाठी उपयोग करण्याचे एकस्व स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये घेतले. आपल्याकडील ठासणीच्या बंदुकीवरील ‘टोपी’ ही त्याच कल्पनेची पुढची अवस्था होय. १८६६ मध्ये अमेरिकेचे हायरम बर्डन आणि इंग्लंडचे एडवर्ड बॉक्सर यांनी दोन स्वतंत्र रचना मांडल्या. बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीच्याच तळाचा भाग असते, तर बॉक्सर यांच्या रचनेत ती प्रायमरच्या आत असते. गंमत अशी की, इंग्रजाची रचना अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची युरोपात. बॉक्सर पद्धतीत पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असल्याने साध्या दांडीने जळालेला प्रायमर बाहेर ढकलता येतो. पुनर्भरणाचा छंद अमेरिकेत फोफावण्यामागे ही सोय निश्चितच आहे.

बॉक्सर प्रायमरमध्ये तीन घटक असतात : धातूची वाटी, तीतील मिश्रणाची पातळ वडी (आज प्रायः लेड स्टिफनेटयुक्त) आणि त्यावर बसविलेली छोटी ऐरण. ऐरणीचे पाय खोबणीच्या तळाला टेकले पाहिजेत आणि त्यानंतर वाटी किंचित आणखी दाबली जाऊन वडी ऐरणीवर हलकेच आवळली गेली पाहिजे. असे झाले की प्रायमर पुंगळीच्या तळपृष्ठापासून सर्वसाधारणपणे ०.००३ ते ०.००५ इंच, म्हणजे सुमारे उत्तरपत्रिकेच्या एका पानाच्या जाडीइतका, आत बसतो.

एकच दोष, दोन परस्परविरुद्ध परिणाम :

प्रायमर पुरेसा आत गेला नाही, तर काय होते? चाप ओढल्यावर फायरिंग पिनचा आघात प्रथम प्रायमरला पुढे ढकलण्यात खर्ची पडतो, वडी चिरडली जात नाही आणि काडतूस फुटतच नाही. तेच काडतूस दुसऱ्या आघाताला बहुधा फुटते, कारण पहिल्या आघाताने बसविण्याचे अर्धवट काम पूर्ण केलेले असते. अशा वेळी प्रायमर निकृष्ट होता असे म्हणून उत्पादकास दोष देण्याची रीत आहे. ती पुष्कळदा अन्यायाची ठरते.

याच्या नेमका उलट परिणाम स्वयंभरण रायफलींत संभवतो. एम-१ गॅरंड किंवा एआर-१५ यांसारख्या रायफलींत फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट वेगाने पुढे येऊन थांबला की ती स्वतःच्या गतीने प्रायमरला हलकासा स्पर्श करते. प्रायमर तळपृष्ठाच्या वर आलेला असेल, तर बोल्टचा व पिनचा धक्का त्यालाच बसतो आणि चाप न ओढताही गोळी सुटू शकते. बोल्ट पूर्णतः बंद झालेला नसेल, तर पुंगळी फुटून रायफलीची व नेमबाजाच्या डोळ्यांची हानी होऊ शकते. म्हणजे जो दोष एका रायफलीत केवळ निराशा पदरी घालतो, तोच दुसरीत जिवावर बेततो.

कारणे व दक्षता :

प्रायमर वर राहण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे खोबणीत साचलेली काजळी. ती खरवडून काढणे हे मिनिटभराचे काम असूनही नेमके तेच टाळले जाते. दुसरे कारण लष्करी पुंगळ्यांचे. त्यांच्या खोबणीची कड प्रायमर निसटू नये म्हणून आत दाबलेली असते. ही कड दाबून वा कापून साफ केल्याखेरीज नवा प्रायमर रेटला, तर तो तिरका बसतो किंवा त्याची वाटी चेपते. तिसरे कारण आकाराचा घोटाळा. रायफलचा व पिस्तुलाचा मोठा प्रायमर व्यासाने सारखाच, ०.२१० इंच असतो. उंची व वाटीची जाडी मात्र भिन्न असते. पिस्तुलाचा प्रायमर रायफलच्या पुंगळीत सहज शिरतो, पण आवश्यकतेपेक्षा खोल राहतो.

याउलट प्रायमर अगदीच सहज, विनाविरोध आत गेला, तर खोबण सैल झाली असे समजून ती पुंगळी बाद करावी. अतिदाबाचे काडतूस वापरल्याची ती खूणही असू शकते. फार जोराने दाबल्यास वडी भेगाळण्याचा संभव असतो. म्हणून अनुभवी लोक लांब दांड्याच्या यंत्रापेक्षा हाताच्या छोट्या साधनाने प्रायमर बसविणे पसंत करतात. ऐरण तळाला टेकल्याची जाणीव तळहाताला होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही जाणीव कोणत्याही मापनयंत्राइतकीच मोलाची आहे.

तपासणीही डोळ्यांपेक्षा बोटाने करावी. पुंगळीच्या तळावरून बोट फिरविताच उंचवटा कळतो, तो दिव्याच्या प्रकाशात अनेकदा दिसत नाही. सपाट काचेवर पुंगळी उभी केली असता ती डगमगली, तर प्रायमर वर आहे हे उघड होते. ही तपासणी दारू भरण्यापूर्वीच झाली पाहिजे. संपूर्ण भरलेल्या काडतुसातील वर राहिलेला प्रायमर पुन्हा दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्या क्षणी हातात असलेली वस्तू पुंगळी राहिलेली नसते, ते जिवंत काडतूस असते. ते बाजूला ठेवावे आणि गोळी व दारू काढून घेतल्यानंतरच पुंगळीचा विचार करावा.