काडतूस पुनर्भरण

एकदा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी साफ करून व पुन्हा मापात आणून तिच्यात नवी आघातक टोपी, तोललेली निर्धूम दारू व नवी गोळी बसविण्याच्या क्रियेस काडतूस पुनर्भरण म्हणतात. पुंगळी, टोपी, दारू व गोळी या काडतुसाच्या चार घटकांपैकी पुंगळीच काय ती झाडणीनंतर शाबूत राहते आणि सर्वसाधारणपणे तीच सर्वांत महाग असते. या साध्या हिशोबातून ही विद्या निघाली. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. देशांत नेमबाज व शिकारी घरच्या घरी पुनर्भरण करतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ली–एनफील्ड रायफलीच्या ·३०३ इंची काडतुसाचा विचार केला आहे. सैन्यांनी मोडीत काढून विकलेल्या रायफलींत ही फार मोठ्या संख्येने आढळते. शिवाय तिच्या कोठीच्या व बोल्टच्या रचनेमुळे पुनर्भरणातील बहुतेक सर्व अडचणी या एकाच उदाहरणात पाहावयास मिळतात.

इतिहास : धातूच्या पुंगळीचे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. अमेरिकेतील गवताळ प्रदेशात गव्यांची शिकार करणारे लोक १८७० नंतरच्या दशकात मुक्कामावरच शिसे वितळवून गोळ्या ओतीत व पुंगळ्या पुन्हा भरीत. त्या वेळी काळी दारू वापरात होती. ती पुंगळीत काठोकाठ भरावयाची असल्याने प्रमाणाबाहेर भरली जाण्यास फारसा वाव नव्हता. फ्रान्समध्ये व्ह्येय यांनी १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार केली आणि ही नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली. निर्धूम दारूचे अनेक प्रकार असून त्यांच्या ज्वलनाच्या वेगात मोठा फरक असतो. पिस्तुलासाठी केलेली जलद जळणारी दारू रायफलीच्या पुंगळीत योग्य प्रमाणाच्या कितीतरी पट मावते व ती वरून पाहून ओळखता येत नाही. पुनर्भरणातील गंभीर अपघातांचे मूळ पुष्कळदा येथे असते.

·३०३ काडतूस ब्रिटनने १८८८ मध्ये ली–मेटफर्ड रायफलीबरोबर स्वीकारले. आरंभी त्यात दाबून घट्ट केलेली काळी दारू व १३·९ ग्रॅ. वजनाची बोथट गोळी असे. एबल व ड्यूअर यांनी १८८९ मध्ये शोधलेले कॉर्डाइट लवकरच काळ्या दारूऐवजी वापरात आले. त्याच्या उष्णतेने मेटफर्ड पद्धतीचे उथळ आटे झिजू लागले, म्हणून खोल आट्यांची ली–एनफील्ड रायफल १८९५ मध्ये पुढे आली. कॉर्डाइट शेवयांसारख्या लांब कांड्यांच्या स्वरूपात असे आणि पुंगळीची मान आवळण्यापूर्वीच त्यांची जुडी आत सरकवीत. अर्थात तयार मानेच्या पुंगळीत ते पुन्हा भरणे घरगुती कारागिराच्या आवाक्यातले नव्हते. टोकदार गोळीचे ‘मार्क ७’ काडतूस १९१० मध्ये आले. त्यातील गोळीचे वजन ११·३ ग्रॅ. व नळीच्या तोंडाशी वेग सेकंदास सु. ७४४ मी. होता. पुनर्भरण करणारे आजही हीच आकडेवारी आदर्श मानतात.

या काडतुसाच्या इतिहासात भारताचा भाग मोठा आहे. पसरट होणारी ‘डमडम’ गोळी कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात तयार झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेने तशा गोळ्यांना युद्धात बंदी केली. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याने ·३०३ काडतुसे मोठ्या प्रमाणावर तयार केली. बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे उठविलेल्या त्याच्या पुंगळ्या परदेशांतील संग्राहकांच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. रायफल बंगालमधील इशापूर येथे बनत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५४ च्या सुमारास नाटो राष्ट्रांनी ७·६२ मिमी. काडतूस ठरविल्यानंतर, ·३०३ रायफली सैन्यांतून निघू लागल्या व उत्तर अमेरिकेत अत्यल्प किंमतीस विकल्या गेल्या. कॅनडात त्यांवर हरणांची व मूसची शिकार करणाऱ्यांची एक पिढीच वाढली. तेथील उत्तरेकडील निर्जन प्रदेशात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्स या दलाने तर ही रायफल १९४७ पासून सु. सत्तर वर्षे वापरली. रायफलींबरोबर आलेली लष्करी काडतुसे स्वस्त होती, तोवर पुनर्भरणाची गरज कमी होती. साठे संपत आले व उरलेली काडतुसे जुनी होऊन बेभरवशाची ठरू लागली, तेव्हा जुन्या रायफलीच्या मालकास पुंगळ्या जपणे भाग पडले.

पुंगळी का तुटते : काडतूस कोठीत किती खोल जाईल हे कोणत्या तरी एका भागाने ठरावे लागते. जर्मन माउझरच्या काडतुसास बाहेर आलेली कड नसते. ते पुंगळीच्या खांद्यावर अडते. ·३०३ च्या बुडास मात्र रुंद कड असून ती कोठीच्या मुखाशी टेकते. कड टेकण्याची जागा व बोल्टचे तोंड यांमधील अंतरास हेडस्पेस किंवा शीर्षावकाश म्हणतात. ब्रिटिश लष्करी नियमांप्रमाणे ते १·६३ ते १·८८ मिमी. चालत असे. कडेची जाडी जास्तीत जास्त १·६३ मिमी. असल्याने नियमात बसणाऱ्या रायफलीतही ०·२५ मिमी. पोकळी राहू शकते. पातळ कडेची व्यापारी पुंगळी घेतल्यास ती आणखी वाढते.

कडेमुळे काडतूस जागेवर राहत असल्याने खांदा कोठे टेकतो याची सैन्यास फिकीर नव्हती. चिखलाने माखलेले किंवा ओबडधोबड बनलेले काडतूसही आत जावे म्हणून कोठी ऐसपैस ठेवीत. हे धोरण चुकीचे नव्हते. घट्ट कोठीची कॅनेडियन रॉस रायफल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत वारंवार अडकली व १९१६ मध्ये आघाडीवरून मागे घेण्यात आली, ली–एनफील्ड मात्र टिकली. सैनिकाने झाडलेली पुंगळी पुन्हा वापरावयाची नव्हती. ती एकदा न फाटता बाहेर आली की तिचे काम संपले. पुनर्भरण करणारा नेमकी उलट अपेक्षा करतो.

झाडणीच्या क्षणी पुढील घटना घडतात : आघातक कील पुंगळीस पुढे ढकलते. दाब वाढू लागताच पुंगळीच्या पातळ भिंती फुगून कोठीस घट्ट चिकटतात. बूड जाड असल्याने चिकटत नाही. ते मागे सरकून बोल्टवर आदळते. चिकटलेला पुढचा भाग व सरकलेले बूड यांमधील पितळ तेवढ्या अंतराने ताणले जाते आणि बुडाच्या किंचित वर आतून पातळ वलय तयार होते. ली–एनफील्डच्या बोल्टचे अडकणारे कान मागच्या टोकास असतात. त्यामुळे या काडतुसास अनुज्ञेय असलेल्या ३६५ मेगॅपास्कल इतक्या कमाल दाबाखाली बोल्ट व त्याची चौकट ही दोन्ही क्षणभर लवचिकपणे ताणली जातात आणि पुंगळीस आणखी थोडी जागा मिळते.

एवढ्याने पुंगळी तुटत नाही. खरी हानी पुढे होते. कारखान्याच्या प्रमाणित साच्यात पुंगळी संपूर्ण दाबली की पुढे गेलेला खांदा पुन्हा मागे जातो, पोकळी पूर्ववत होते आणि पुढच्या झाडणीत त्याच वलयावर पुन्हा ताण येतो. अशा तीनचार फेऱ्यांतही पुंगळीचे दोन तुकडे होऊ शकतात. बूड बाहेर येते, पुढची नळी कोठीतच अडकते व तप्त वायू मागे निसटून नेमबाजाच्या डोळ्यांस इजा होण्याचा संभव असतो. तुटलेली पुंगळी काढण्याचे साधन ब्रिटिश सैन्यातही दिलेले असे.

यावरचा उपाय पुंगळी त्या विशिष्ट रायफलीच्या कोठीस बेतणे हा होय. पहिल्या झाडणीत खांदा पुढे जाऊन कोठीचा आकार घेतो. तो तसाच ठेवून फक्त मान आवळावयाची. म्हणजे पुढच्या वेळी काडतूस कडेऐवजी खांद्यावर टेकते आणि बुडास मागे सरकण्यास जागा उरत नाही. पहिल्या झाडणीपुरता कडेच्या पुढे रबराचा पातळ वेढा बसविल्यास बूड बोल्टशी दाबून राहते व तो पहिला ताणही टळतो. मात्र अशी पुंगळी दुसऱ्या रायफलीत बसेलच असे नाही, म्हणून एकाहून अधिक रायफली असणाऱ्याने त्यांच्या पुंगळ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. काही फेऱ्यांनंतर बोल्ट जड बंद होऊ लागला की खांदा केसभर मागे घेणे पुरते. ‘क्रमांक ४’ प्रकारच्या रायफलीत बोल्टची डोकी ० ते ३ अशा चढत्या मापांची मिळत. मोठे डोके बसवून पोकळी कमी करता येते, पण बोल्टचा लवचिक ताण त्याने जात नाही. डोके शोधत हिंडण्यापेक्षा पुंगळी सांभाळणे अधिक फलदायी असते.

प्रत्येक फेरीपूर्वी टोक वाकविलेली बारीक तार आत घालून बुडाकडून वर ओढतात; वलय पातळ झाले असल्यास टोक तेथे अडखळते. बाहेरून चकाकती रेघ दिसू लागलेली पुंगळी चेपून टाकून द्यावी.

पितळ : पुंगळीचे पितळ सामान्यतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. झाडणीत फुगणे व साच्यात आवळले जाणे यांमुळे मान कठीण होत जाऊन तिला उभे तडे जातात. म्हणून मधूनमधून मानेचे अनुशीतन करतात : पुंगळ्या उथळ पाण्यात उभ्या ठेवून फक्त मान ज्योतीने तापवितात व पुंगळी आडवी पाडतात. पोलादाप्रमाणे पितळ पाण्यात बुडविल्याने कठीण होत नाही. येथे पाण्याचे काम बूड थंड ठेवणे एवढेच आहे. बूड मऊ पडल्यास पुंगळी दाब सहन करू शकत नाही.

न वापरलेल्या काडतुसांच्या मानांनाही तडे जातात, हे प्रथम ठळकपणे लक्षात आले ते भारतात. ब्रिटिश सैन्य पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवीत असे व तेथे ती आपोआप तडकत. या विकाराला मोसमी तडे असे नाव पडले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचे कारण दाखवून दिले : घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतील दमटपणा आणि थंड अवस्थेत घडविल्याने पितळात शिल्लक राहिलेले प्रतिबल या तिन्हींचा तो एकत्रित परिणाम होता. अमोनियायुक्त पॉलिशने पुंगळ्या उजळविणे त्याच कारणाने घातक आहे.

टोपी : ब्रिटिश लष्करी पुंगळ्यांत बर्डन पद्धतीची टोपी असे. तिचा आघाताधार पुंगळीतच घडविलेला असून वायू जाण्यास बाजूंना दोन छिद्रे असतात, त्यामुळे वापरलेली टोपी सळईने ठोकून काढता येत नाही. बॉक्सर पद्धतीत आधार टोपीतच असतो व छिद्र मधोमध एकच असते. ती सहज निघते. पुनर्भरणास म्हणून बॉक्सर पुंगळ्याच निवडतात. गंमत अशी की, बर्डन अमेरिकन व बॉक्सर इंग्रज. पण प्रत्येकाची टोपी रुजली ती दुसऱ्याच्या देशात.

जुन्या टोप्यांत मर्क्युरी फल्मिनेट व पोटॅशियम क्लोरेट असे. पारा पितळात शिरून ते ठिसूळ करतो, म्हणून अशा टोपीने झाडलेली पुंगळी कितीही चांगली दिसली तरी भरू नये. क्लोरेटपासून झालेले क्षार ओल शोषून नळी गंजवितात. ते तेलात विरघळत नाहीत. नळीतून उकळते पाणी ओतण्याची सैनिकांची जुनी रीतच योग्य होती.

गोळी व दारू : ·३०३ हे माप आट्यांच्या उंचवट्यांमधील अंतराचे आहे, गोळीचा व्यास सु. ·३११ इंच लागतो. झिजलेल्या किंवा युद्धकाळी घाईने बनविलेल्या नळ्यांचे माप याहून मोठे भरते. मऊ शिशाची गोळी नळीतून दाबून काढून ते पाहतात, परंतु बहुतेक नळ्यांना पाच आटे असल्याने उंचवट्यासमोर खाच येते व साध्या सूक्ष्ममापकाने व्यास नीट घेता येत नाही. अमेरिकन ·३० वर्गाच्या ·३०८ इंची गोळ्या स्वस्त असल्या तरी या नळीत सैल पडतात व नेम बिघडतो.

दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे ०·०६४८ ग्रॅ., आपल्या गुंजेच्या सुमारे निम्मे. तराजू एकदशांश ग्रेन दाखविणारा असावा लागतो. दारू बनविणाऱ्यांनी चाचण्यांवरून छापलेल्या कोष्टकातील किमान प्रमाणापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर जातात व जुन्या रायफलीत कमाल प्रमाणाच्या बरेच खाली थांबतात. एका वेळी मेजावर एकाच प्रकारची दारू ठेवणे आणि गोळी बसविण्यापूर्वी सर्व पुंगळ्यांतील दारूची पातळी उजेडात पाहणे, या दोन सवयी कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक संरक्षण देतात. चपटी झालेली टोपी हे जादा दाबाचे लक्षण समजतात, पण ली–एनफील्डमध्ये ते फसवे ठरू शकते. पोकळी जास्त असल्यास टोपी आधी मागे निघते व मागून सरकणारे बूड तिला पुन्हा आत दाबून चपटी करते. तेथे दारू कमी करून भागत नाही, पुंगळीचे माप पाहावे लागते.

भारतातील स्थिती : शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत, तसेच ·३०३ हे निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे पोलीस दलांत ही रायफल एकविसाव्या शतकातही दिसत राहिली, तरी खासगी पुनर्भरणाची परंपरा येथे रुजली नाही. नागरिकांसाठी शासकीय कारखान्यांनी ली–एनफील्डच्याच धर्तीच्या बोल्टची ·३१५ इंची शिकारी रायफल तयार केली. तिचे काडतूस मूळ ऑस्ट्रियन ८ मिमी. मानलिखर रायफलीचे असून त्याच्याही बुडास कड असते व तेही कोठीत कडेवरच टेकते.