पेशी पोहोचल्या का? उत्तर लोहकणांकडे

संकेश्वरहून मिरचीची पोती घेऊन निघालेला ट्रक गडहिंग्लज, आजरा ओलांडून आंबोलीचा घाट उतरू लागला, की माल कुठवर आला हे व्यापाऱ्याला एका फोनवर कळते. रुग्णाच्या शरीरात सोडलेल्या पेशींची अशी चौकशी करता येत नाही. प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या लक्षावधी पेशी सुईवाटे आत गेल्या, एवढेच डॉक्टरांना ठाऊक असते.

ही उणीव किती महागात पडू शकते, ते नेदरलँड्समधील नायमेखेन येथील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ८ रुग्णांना त्यांच्याच रक्तापासून तयार केलेल्या प्रतिकारक पेशी लस म्हणून टोचण्यात आल्या. त्याही सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, थेट लसिकाग्रंथीत. या पेशींना आधी लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरवलेले होते. एमआरआय काढल्यावर उघड झाले, की ८ पैकी ४ रुग्णांमध्ये पेशी ग्रंथीत पडल्याच नव्हत्या. कण नसते, तर अपयशाचे खापर बिचाऱ्या लसीवरच फुटले असते.

हे कण नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या मापात मोजावे लागतात. त्यांवर बहुधा डेक्स्ट्रान या शर्करेचे आवरण असते. पेशी त्यांच्या द्रावणात ठेवल्या, की त्या कण गिळतात. एमआरआय यंत्र शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत टिपते. लोहकणाभोवती चुंबकीय क्षेत्र विस्कटते, तेथील संकेत क्षीण होतो आणि चित्रात काळा डाग उमटतो.

मात्र हा डाग लोहाचा असतो, जिवंत पेशीचा नव्हे. पेशी मेली तरी तिचे लोह भक्षक पेशी गिळतात आणि डाग तसाच राहतो. उलट पेशी विभागत गेली, तर लोह पिल्लांत वाटले जाऊन डाग फिका पडतो. पेशी कुठे आहे, हे समजते. ती जगली का, हे नाही. रक्तस्रावाची जागाही काळीच दिसते, हा आणखी एक घोळ. केवळ कणांचाच संकेत टिपणारी ‘मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग’ ही पद्धत फिलिप्सच्या संशोधकांनी २००५ मध्येच मांडली.

संकेश्वरपासून जवळच्या कोल्हापुरात चुंबकीय नॅनोकणांवर काम झाले आहे. तेथील भर कर्करोगाच्या पेशी उष्णतेने मारण्यावर. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहयोगातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे सोडलेल्या पेशींचा ठावठिकाणा हा आता आपल्याकडच्या डॉक्टरांचाही प्रश्न झाला आहे.