सगळे अर्नेस्टच!

दोस्तांनो, तुमच्या वर्गात कुणी गजानन आहे का? पांडुरंग? निदान एखादा दत्तात्रय? बहुतेक नसेलच. आणि असलाच, तर त्याला ‘काय आजोबा!’ म्हणून हाक मारणारा एखादा महाभागही त्याच वर्गात असेल. कपड्यांसारखी नावांचीही फॅशन असते. आजोबांच्या वर्गात ज्या नावाची चार-चार मुलं होती, ते नाव आज हजेरीत सापडत नाही.

इंग्लंड-अमेरिकेतही हेच झालं. तिकडचं असंच एक आजोबा-छाप नाव म्हणजे अर्नेस्ट. मूळचं जर्मन. अर्थ गंभीर, मनापासून काम करणारा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात आईबापांना हे नाव भारी आवडायचं. इतकं, की ऑस्कर वाइल्ड या लेखकाने त्यावर एक विनोदी नाटकच लिहिलं. त्यातले दोन तरुण आपलं नाव अर्नेस्ट असल्याची थाप मारतात, कारण त्यांच्या आवडत्या मुलींचा हट्ट एकच, लग्न करीन तर अर्नेस्टशीच! हे नाटक लंडनच्या रंगमंचावर आलं १८९५ साली.

गंमत बघा. त्याच १८९५ साली एक खराखुरा अर्नेस्ट जहाजाने इंग्लंडला निघाला होता. न्यूझीलंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, बारा भावंडांतला चौथा. आई शाळेत शिकवलेली, त्यामुळे घरात अभ्यासाची शिस्त. याच्या जन्माच्या नोंदीत तर कारकुनाने नावाचं स्पेलिंगच चुकवलं होतं. मध्ये एक ‘ए’ जास्त घातला, म्हणजे नावाऐवजी ‘गंभीर’ हा साधा शब्दच लिहून ठेवला! परदेशी शिकायला जायची शिष्यवृत्तीसुद्धा आधी दुसऱ्याच मुलाला मिळाली होती. त्याने ती नाकारली म्हणून ती आपल्या अर्नेस्टकडे आली. असं सांगतात, की बातमी आली तेव्हा तो शेतात बटाटे खणत होता. कुदळ टाकून तो म्हणाला, हा माझा शेवटचा बटाटा.

हा मुलगा म्हणजे अर्नेस्ट रदरफर्ड. अणूच्या पोटात काय आहे, हे जगाला सांगणारे शास्त्रज्ञ. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. हे पडले भौतिकशास्त्राचे. स्वतःच गमतीने सांगायचे, की मी खूप रूपांतरं पाहिली, पण माझं जेवढं झटकन झालं तेवढं कुणाचंच नाही.

पण मला स्वतःला विचाराल, तर या गोष्टीतला खरा आवडता अर्नेस्ट दुसराच आहे. अर्नेस्ट मार्सडेन. वय वर्षं वीस, अजून पदवीही हातात नाही. १९०९ साली मँचेस्टरला रदरफर्ड आणि त्यांचे सहकारी हान्स गायगर यांनी या पोराला एक काम दिलं. सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडायचे आणि एखादा तरी उलटा परत येतो का, ते बघायचं. येईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

आता हे बघायचं कसं? यंत्राने नव्हे, डोळ्याने! कण एका खास पडद्यावर आपटला, की अगदी बारीकशी ठिणगी चमकते. ती दिसावी म्हणून आधी अंधाऱ्या खोलीत नुसतं बसून डोळे सरावू द्यायचे आणि मग सूक्ष्मदर्शकातून एकेक ठिणगी मोजत राहायचं. किती कंटाळवाणं काम! मार्सडेनने ते नेटाने केलं आणि काय आश्चर्य, साधारण आठ हजारांत एक कण चक्क मागे उलटून येत होता. रदरफर्ड थक्क झाले. तोफेचा पंधरा इंची गोळा पातळ कागदावर मारावा आणि तो उलटून आपल्याच अंगावर यावा, असं त्यांना वाटलं. दोन वर्षं विचार करून १९११ साली त्यांनी उत्तर मांडलं. अणू जवळजवळ सगळा पोकळ आहे आणि त्याच्या मधोमध एक इवलंसं, जड केंद्रक आहे. सोन्याचा अणू वानखेडे स्टेडियमएवढा मोठा केला, तर केंद्रक पिचवर ठेवलेल्या वाटाण्याएवढं भरेल. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात. त्या ओळींमागे वीस वर्षांच्या पोराचे डोळे आहेत. मार्सडेनला नोबेल मिळालं नाही. पुढे १९१५ साली तो प्राध्यापक होऊन गेला, कुठे माहीत आहे? न्यूझीलंडला! रदरफर्ड तिकडून इकडे आले, हा इकडून तिकडे.

तिसरा अर्नेस्ट, आयर्लंडचा अर्नेस्ट वॉल्टन. १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्याने आणि जॉन कॉकक्रॉफ्टने यंत्राच्या मदतीने अणूचं केंद्रक फोडलं. त्यांच्या त्या अगडबंब यंत्राच्या फटी कशाने बुजवल्या होत्या? तुम्ही ज्याचे हत्ती-उंदीर करता त्या प्लॅस्टिसिनने! १४ एप्रिलला वॉल्टन रांगत जाऊन यंत्राखालच्या छोट्या खोक्यात बसला आणि त्याला ठिणग्या दिसल्या. लगेच रदरफर्डना बोलावणं गेलं. ते आडदांड गृहस्थ, त्या खोक्यात त्यांना कसंबसं कोंबून बसवावं लागलं. आपले मुंबईचे होमी भाभा त्या दिवसांत केंब्रिजलाच शिकत होते.

आणि चौथा अमेरिकेत, अर्नेस्ट लॉरेन्स. कणांना गोल गोल फिरवून वेग देणारं सायक्लोट्रॉन हे यंत्र त्याचं. पहिलं यंत्र तळहातावर मावेल एवढंच होतं. लॉरेन्सला नोबेल मिळालं १९३९ साली. शाळेत आवर्तसारणीचा तक्ता असेल, तर उद्या नीट बघा. १०३ क्रमांकाचं मूलद्रव्य लॉरेन्शियम आणि त्याला खेटून १०४ वर रदरफोर्डियम. दोन अर्नेस्ट कायमचे शेजारी!

प्रयोगशाळेतून आता बाहेर पडू, कडाक्याच्या थंडीत. अर्नेस्ट शॅकल्टन हे जन्माने आयरिश, दक्षिण ध्रुवाच्या वेडाने झपाटलेले. १९०९ च्या जानेवारीत ते ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवर पोहोचले होते. तोवर कुणीच तिथवर गेलं नव्हतं. पण जवळचं अन्न संपत आलेलं. पुढे गेलो तर ध्रुव मिळेल, पण परत येणार नाही, हा हिशेब त्यांनी केला आणि मागे फिरले. मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत गाढव बरं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. मला विचाराल, तर ध्रुवावर झेंडा लावण्यापेक्षा हे अवघड.

पुढची मोहीम ‘एन्ड्युअरन्स’ जहाजाची. १९१५ च्या जानेवारीत जहाज बर्फात अडकलं, महिनोन्‌महिने अडकूनच राहिलं आणि नोव्हेंबरमध्ये चिरडून बुडालं. बर्फाच्या लाद्यांवर राहिली अठ्ठावीस माणसं. तंबू, तीन छोट्या होड्या, खायला सील आणि पेंग्विन. पुढच्या एप्रिलमध्ये बर्फ फुटला, तेव्हा होड्या वल्हवत सगळे एलिफंट नावाच्या ओसाड बेटावर पोहोचले. तिथे कोण येणार सोडवायला? शॅकल्टन पाच जणांना घेऊन जेमतेम सात मीटर लांबीच्या होडीतून मदत आणायला निघाले. जगातला सगळ्यात खवळलेला समुद्र, अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. होडी साउथ जॉर्जिया बेटाला लागली, पण नेमकी चुकीच्या बाजूला! मग बुटांच्या तळव्यांना स्क्रू ठोकून तिघांनी बर्फाचे डोंगर ओलांडले. सलग ३६ तास.

इकडे बेटावर राहिलेल्या बावीस जणांना त्यांचा उपनेता फ्रँक वाइल्ड रोज सकाळी सांगायचा, ‘सामान आवरून ठेवा, साहेब आज येतील.’ साहेब तीनदा निघाले आणि तीनदा बर्फाने परतवले. चौथ्या वेळी चिलीचं एक छोटं जहाज घेऊन पोहोचले, ३० ऑगस्ट १९१६ ला. बावीसच्या बावीस जण जिवंत होते. (दुसऱ्या बाजूने निघालेल्या त्यांच्या मदत-तुकडीतले तिघे मात्र दगावले.) बुडालेलं जहाज २०२२ च्या मार्चमध्ये सापडलं, तीन किलोमीटर खोल पाण्यात. मागच्या बाजूचं नाव अजून वाचता येतं.

सगळ्याच अर्नेस्टांना अशी शाबासकी मिळाली असं नाही. अर्नेस्ट जस्ट हा अमेरिकेतला काळ्या वंशाचा शास्त्रज्ञ, जन्म १८८३. समुद्रातल्या प्राण्यांच्या अंड्यांवर त्याचा अभ्यास. पेशीच्या बाहेरच्या कडेला किती महत्त्वाच्या घडामोडी होतात, हे त्याने दाखवलं. हात इतका सफाईदार, की अंडी कशी हाताळावीत हे विचारायला गोरे शास्त्रज्ञ त्याच्याकडे येत. पण गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा? ती नाही. शेवटी कंटाळून तो युरोपात गेला, तर तिथे १९४० मध्ये नाझींनी त्याला पकडलं. सुटून घरी आला आणि पुढच्याच वर्षी वारला. १९९६ साली त्याच्या देशाने त्याच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. पंचावन्न वर्षांनी!

आणि एका अर्नेस्टला तर हे नाव मुळीच आवडत नसे. वाइल्डच्या नाटकातला तो बावळट नायक आठवतो, असं त्याचं म्हणणं. हे म्हणजे कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे. एक म्हातारा कोळी आणि त्याच्या गळाला लागलेला प्रचंड मासा, यांच्या झुंजीची त्यांची छोटीशी कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी नोबेल मिळालं. ती कादंबरी आपल्या पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणली आहे, ‘एका कोळियाने’ या नावाने. पातळसं पुस्तक आहे. आईबाबांना विचारा, कदाचित घरातल्या कपाटातच असेल. नाहीतर लायब्ररीत मिळेल. सुट्टीतल्या दोन दुपारी पुरतात.