आधी स्पिंडल, मग दाब

फ्रँकफुर्टला लागून असलेल्या एश्बॉर्नमध्ये राहणाऱ्यांपेक्षा कामाला येणारे लोक जास्त. हिवाळाभर तिथल्या उंच कार्यालयांच्या पाइपांतून गरम पाणी फिरत असतं. हीटिंग सुधारायला अनुदान देणारं ‘बाफा’ हे जर्मनीचं केंद्रीय खातंही याच गावात आहे. प्रत्येक रेडिएटरला वाटणीचं पाणी मिळेल असा समतोल साधणं ही त्या अनुदानाची एक अट. 2022 साली रशियन गॅस तुटला, तेव्हा गॅसवर चालणाऱ्या मोठ्या इमारतींना हा समतोल काही काळ कायद्यानेच सक्तीचा झाला होता.

हा समतोल बिघडतो उबदार दुपारी. थर्मोस्टॅट एकेक करून बंद होतात, पंप मात्र ढकलत राहतो आणि उघड्या उरलेल्या रेडिएटरांवर दाब चढतो. पुरवठा आणि परतीच्या पाइपमधला फरक साधारण 200 मिलीबारच्या पुढे गेला की रेडिएटरचे व्हॉल्व्ह शिट्टी मारू लागतात. म्हणून परतीच्या पाइपवर दाब नियंत्रक व्हॉल्व्ह बसवतात. सेन्सर फरक मोजतो, कंट्रोलर 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवतो आणि ॲक्च्युएटरची मोटर स्पिंडल खाली-वर करते.

या व्हॉल्व्हचं कॅलिब्रेशन म्हणजे दोन वेगळी कामं: स्पिंडल सिग्नलबरहुकूम हलतो का, आणि सेन्सर खरा दाब सांगतो का. आधी स्पिंडल. त्यातली चूक सेन्सरची सेटिंग फिरवून झाकता येते, पण ती जात नाही.

कशालाही हात लावण्याआधी आहेत ती रीडिंग लिहून घ्यायची. एकदा कॅलिब्रेशनचं बटण दाबलं की जुनी अवस्था कायमची पुसली जाते. मग सिग्नलची तार सोडवून लूप कॅलिब्रेटर जोडायचा आणि ॲक्च्युएटरला स्वतःची चाल मोजू द्यायची. मोटर स्पिंडलच्या टोकाचा प्लग सीटपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होतो त्या जागेपर्यंत, नेते, जोर वाढला की थांबते आणि ती जागा शून्य धरते. मग दुसऱ्या टोकाला जाते.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. जुन्या पाइपांच्या गंजातून आलेला बारीक काळा गाळ सीटवर साचलेला असेल, तर ॲक्च्युएटर गाळालाच सीट समजतो. डिस्प्लेवर ‘पूर्ण बंद’, आतून पाणी चालूच. त्यामुळे योकवरच्या पट्टीवर मिलिमीटर मोजून बघावेत. व्हॉल्व्हची चाल 20 मिलिमीटर असताना 17 च भरली, तर ती मंजूर करायची नाही. व्हॉल्व्ह उघडून साफ करायचा.

पुढे 4, 8, 12, 16, 20 मिलिअँपिअर असा सिग्नल चढवत न्यायचा, तसाच उतरवायचा. 12 ला स्पिंडल 10 मिलिमीटरवर हवा. चढताना 9.8 आणि उतरताना 10.3 आला, तर अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक, म्हणजे हिस्टेरिसिस, चालीच्या अडीच टक्के झाला. आकडा ओलांडून मागे आलात तर ते रीडिंग फुकट, पुन्हा सुरुवातीपासून. फरक मोठा असेल तर ग्लँड पॅकिंग जास्त आवळलेलं आहे का, कपलिंग सैल आहे का, ते पाहावं. असा स्पिंडल लहान सिग्नलला दाद देत नाही, मग एकदम उडी घेतो, आणि पाइपच्या त्या शाखेतला दाब दिवसभर झुलत राहतो.

सेन्सरचं काम त्या मानाने सोपं. सेन्सरच्या मॅनिफोल्डचा समतोल व्हॉल्व्ह उघडला की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. तेव्हा आउटपुट 4.00 मिलिअँपिअर हवा. नंतर खऱ्या दाबावर प्रमाणित गेजशी ताडून बघावं. हे गेज सेन्सरच्या निदान चौपट अचूक असावं.

तार परत जोडून काही रेडिएटर मुद्दाम बंद करावेत. फरक वाढताना व्हॉल्व्ह मिटू लागला पाहिजे. उघडू लागला तर ॲक्च्युएटरची दिशा उलटी लागली आहे. शेवटी वीज तोडायची. स्प्रिंग असलेला ॲक्च्युएटर ठरलेल्या टोकाला गेला पाहिजे, बिनस्प्रिंगचा आहे तिथेच थांबतो. नव्या रीडिंगची नोंद सुरुवातीच्या रीडिंगशेजारीच लिहावी.