वाकड्या नळीतलं पाणी

महिनाभर बंद असलेलं घर उघडलं, की मोरीतून वास येतो. घाण कुठेच दिसत नाही. मग वास कसला? जाळीखालचं पाणी आटल्याचा.

बेसिनखालची नळी मुद्दाम वाकडी केलेली असते. वापरलेलं पाणी वाहून गेलं, तरी शेवटचं थोडं त्या वळणात साचून राहतं आणि गटारातला वायू अडवतं. मोरीतला न्हाणी ट्रॅप आणि कमोड यांतही हीच युक्ती. लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा वळणाच्या शौचकूपाचं पेटंट घेतलं. वळणात हलणारा एकही भाग नाही आणि प्रत्येक वापरात जुनं पाणी जाऊन नवं येतं.

वरच्या मजल्यावरून एकदम भरपूर पाणी आलं, तर पाइपातला दाब घटून खालच्या वळणांतलं पाणी खेचलं जाऊ शकतं. म्हणूनच उघड्या तोंडाचा पाइप गच्चीच्या वर नेतात. त्यातून हवा आत येते.

गावी जाताना मोरीत तांब्याभर पाणी आणि त्यावर थोडं गोडंतेल ओता. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश आटतं.